हार्डटॅकचा पहिला मराठी माणूस

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. विवेककाका वाचतील. काकांनी वाचलं की त्यांचं सगळं एडिसन गाव वाचणार, आणि मग पुढच्या गणपतीला मला आरतीचं तबकसुद्धा कोणी पुढे करणार नाही. पण तिथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत जे छापून आलंय ते मी वाचलं. तीन पानं, फोटोसकट. त्यानंतर गप्प बसवेना.

तर हार्डटॅक. कोलोरॅडोतलं गाव, साडेनऊ हजार फुटांवर. शंभर वर्षांपूर्वी इथे सोनं सापडलं. अकरा वर्षं निघालं, मग संपलं, आणि ज्यांना अक्कल होती ते निघून गेले. जे राहिले त्यांच्या नातवंडांना शोध लागला की सोन्यापेक्षा सोन्याच्या गोष्टीला जास्त गिऱ्हाईक आहे.

आता इथे काय काय बघायला मिळतं? जुना तुरुंग आहे. त्यात स्वतःला कोंडून घ्यायचे दीड डॉलर पडतात, गजाआडचा फोटो वेगळा. ऑपेरा हाउस आहे, त्यात ऑपेरा झाल्याचं कोणाच्याही आजीला आठवत नाही, मंगळवारी बिंगो होतो. रोज दुपारी बारा वाजता मेन स्ट्रीटवर बँक लुटली जाते. शेरीफ त्याच तीन जणांना मारतो, आणि सव्वाबाराला तिन्ही मुडदे माझ्या शेजारी बसून हॉटडॉग खातात. एक मुडदा फार चांगला माणूस आहे. हिवाळ्यात स्कूलबस चालवतो.

आणि आमची खाण, 'लकी विडो'. म्हणजे नशीबवान विधवा. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण विधवेला विचारून ठेवलं नसणार.

तिथे मी तिकिटं फाडायचो आणि सोनं पेरायचो. हो, पेरायचो. सकाळी आठ वाजता बाहेरच्या लाकडी पन्हाळीत वाळू ओतायची, त्यात चमकणारा खोटा दगड मिसळायचा, आणि वर चिमूटभर खऱ्या सोन्याचे कण. दहा वाजता टूरिस्ट यायचे, तव्यासारखी पॅन हलवायचे, आणि किंचाळायचे. कॅन्ससचा एक डेंटिस्ट चक्क रडला. त्याच्या दवाखान्यात आठवड्याला याच्या दसपट सोनं लोकांच्या दाढेत जात असेल. पण ते त्याला 'सापडलेलं' नव्हतं ना!

या सगळ्या खोट्यात एकच माणूस खरा होता. माझा मित्र गिरीश.

गिरीश नागपूरचा, मायनिंग इंजिनियर. भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत चार वर्षं, मग इथे येऊन एमएस, मग डोंगरापलीकडच्या एका मोठ्या खाणीत नोकरी. ती खाण बंद पडली. त्या वर्षांत कोलोरॅडोत खाणी धडाधड बंद होत होत्या आणि खाणींची म्युझियमं धडाधड उघडत होती. त्यामुळे गिरीशला काम मिळालं ते गाइडचं. लाल फ्लॅनेलचा शर्ट, गॅलिस, आणि हातात कुदळ. कुदळ थर्मोकोलची.

मालक ड्वेन हचिन्स. नेब्रास्कात जुन्या गाड्या विकायचा, इथे येऊन छातीवर शेरीफचा तारा लावून फिरतो. तो गिरीशला 'गॅरी' म्हणतो. गिरीश पहिल्या आठवड्यात टूरिस्टांना सांगायला लागला, की दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन इथले खाणकामगार चाळिशीत मरायचे. ड्वेनने त्याला बाजूला घेतलं. "गॅरी, लोक सुट्टीवर आलेत. फुप्फुसं नको. भुतं सांग."

गिरीशने भुतं सांगितली. कारण डिसेंबरात त्याचा व्हिसा संपत होता, आणि ड्वेनने कबूल केलं होतं की सीझन संपला की स्पॉन्सरशिपच्या कागदावर सही करतो. त्या एका कागदासाठी गिरीशने थर्मोकोलची कुदळ खांद्यावर घेतली होती.

ऑगस्टमध्ये एक दिवस टूर संपल्यावर त्याने मला आत नेलं. बोगदा जिथे रुंद होतो, तिथे छताला टेकू दिलेले लाकडी खांब आहेत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर, एक ते चोवीस. त्याने दहा नंबरवर हातोडी मारली. टण्ण!

"ऐकलं?"

"ऐकलं."

मग अकरावर मारली. भद्द.

"हे काय?"

"हे आतून भुसा झालंय बे. बाहेरून पहेलवान, आतून पोहे. वरच्या दगडाला हाच एकटा धरून राहिला आहे."

"मग पडेल?"

"पडेल. आज का दहा वर्षांनी, ते मी नाही सांगू शकत. तेच तर लफडं आहे."

गिरीशने ड्वेनला सांगितलं. ड्वेन म्हणाला, "हा खांब अठराशे चौऱ्याऐंशीपासून उभा आहे, गॅरी."

"हो. मीही तेच म्हणतोय."

"गोल्ड लीफ वीकेंड होऊन जाऊ दे. मग बघू."

गोल्ड लीफ वीकेंड म्हणजे ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार. डोंगरावरची ॲस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, आणि अख्खं डेन्व्हर पानं बघायला वर येतं. वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन दिवसांत. गिरीश गप्प बसला. एका टूरला बारांपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, एवढं मात्र ड्वेनकडून कबूल करून घेतलं. आणि रोज सहा वेळा लोकांना त्या खांबाखालून नेत राहिला.

आता यापुढे जे झालं त्यात माझा हात आहे. लपवत नाही.

त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशीत, दसरा शुक्रवारी आला. गुरुवारी खंडेनवमी. गिरीश म्हणाला, "भंडाऱ्याला आज आम्ही सगळ्या मशिनींची पूजा करायचो. ड्रिलपासून पंपापर्यंत. आज पहिल्यांदा माझ्या हातात थर्मोकोल आहे."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "आत खरं ड्रिल आहे की."

होतंच. बोगद्यात शंभर वर्षांपूर्वीचं, हवेवर चालणारं एक अवजड ड्रिल मांडून ठेवलंय, दोरी बांधून, 'हात लावू नये'. सकाळी उघडायच्या आधी आम्ही दोघं आत गेलो. माझ्या बॅगेत सुलेखाकाकूंनी दिलेली हळदकुंकवाची डबी होती, आणि गावातल्या दुकानातून एक नारळ आणला होता. नारळावर 'एक्झॉटिक' असं स्टिकर. गिरीशने ड्रिलला कुंकू लावलं, पिवळी फुलं वाहिली, उदबत्ती लावली. मग अकरा नंबरला पण लावलं. खांबाला हात टेकवून म्हणाला, "चार दिवस धर बाबा." नारळ बाहेर बोगद्याच्या तोंडाशी फोडला.

पुसून ठेवू, असं ठरलं होतं. विसरलो.

दहाच्या टूरमधली एक बाई आत ओरडली. तिला ड्रिलवर रक्त दिसलं. ड्वेन धावत आला. मला वाटलं आता गेली नोकरी. ड्वेनने कुंकवाकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं. ती घाबरून नवऱ्याला बिलगली होती आणि तिचे डोळे चमकत होते. जुन्या गाड्या विकलेला माणूस तो. त्याला कळलं.

अर्ध्या तासाने माझ्या तिकिटखिडकीशी आला. मी विनय, पण तो मला 'विनी' म्हणतो. "विनी, एखादं हिंदू नाव सांग. जुनं वाटेल असं."

आणि मी, समोर सुट्टे मोजता मोजता, सांगून टाकलं, "एकनाथ."

दुपारपर्यंत पाटी तयार. लाकूड जाळून जुनं केलेलं, अक्षरं कोरलेली: 'एकनाथ, हिंदू खाणकामगार. १८८९ साली याच जागी गाडला गेला. त्याच्या ड्रिलमधून अजून रक्त येतं.' गिरीशला सांगण्यात आलं की उद्यापासून डोक्याला फेटा, आणि प्रत्येक टूरला आत्मा शांत करायची पूजा.

"मी नाही करणार," गिरीश म्हणाला.

"कागदावर सोमवारी सही करतो," ड्वेन म्हणाला. "आणि तो खांबही बदलतो. सोमवारीच."

गिरीशने फेटा बांधला. फेटा कसला, गिफ्ट शॉपमधला भगवा टेबलक्लॉथ होता.

शुक्रवारी विवेककाका आले.

काका एडिसनहून डेन्व्हरच्या मित्राकडे दसऱ्याला आले होते, बरोबर सुलेखाकाकू आणि त्यांची मुलगी दीपा. मी लहानपणापासून काकांकडेच वाढलो. कॉलेज सोडलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, तू आयुष्यात दगड फोडशील. त्यामुळे मी खरोखर खाणीत कामाला लागलो हे बघायला ते मुद्दाम आले होते. आल्या आल्या काकूंनी रस्त्याकडेच्या झाडाची मूठभर पानं ओरबाडली आणि वाटायला लागल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." शेजारचं ओहायोचं जोडपं बघत होतं. काकूंनी त्यांनाही दिलं. त्यांनी पाकीट काढलं आणि किती झाले विचारलं.

"Aai, oh my God, stop," दीपा म्हणाली. ती पंधरा वर्षांची आहे.

मग काकांनी पाटी वाचली. एकदा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"विनय! अरे, एकनाथ म्हणजे आपला माणूस!"

"काका, ते—"

"अठराशे एकोणनव्वद! आपल्याला वाटतं आपण पासष्ट साली आलो म्हणजे पहिले आलो. ते कुलकर्णी सांगत फिरतात मी एकसष्टला आलो. आता दाखवतो त्यांना!"

"काका, ही पाटी कालच—"

"कालच लावली? बघ! शंभर वर्षं दाबून ठेवलं या लोकांनी!"

मी सांगायचा प्रयत्न केला. खरंच केला. कमी केला असेल. काका एवढे खूश मी कधी बघितले नव्हते. शिवाय माझ्याशी बोलत होते, जे वर्षभर बंद होतं. त्यांनी माझ्याच खिडकीतून डेन्व्हरला फोन लावला.

शनिवारी चार व्हॅन आल्या. चौतीस माणसं. रेशमी साड्या, खाली स्नीकर्स, वर पार्का जाकिटं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंडाचे डबे, झांजा, तबक, कापूर. आणि डेन्व्हरचे कुमारकाका, खांद्यावर सुटकेसएवढा व्हिडिओ कॅमेरा घेऊन.

"बारा बारा जण," गिरीश तोंडाशी आडवा उभा राहून म्हणाला.

"आरती काय तीन शिफ्टमध्ये करायची?" काका म्हणाले. "तुम्ही कुठले?"

"नागपूर."

"वाटलंच. चला हो सगळे!"

गिरीशने ड्वेनकडे बघितलं. ड्वेन चौतीस तिकिटांकडे बघत होता. "गॅरी," तो म्हणाला, "त्यांचा धर्म आहे. आपण कोण अडवणारे?"

सगळे आत गेले. मी खिडकीला 'दहा मिनिटांत येतो' लावलं आणि मागून गेलो. बोगद्यात माणसं डब्यात लाडू भरावेत तशी भरली होती. काकांनी ड्रिलला हार घातला. आरती सुरू झाली. चौतीस आवाज, झांजा, टाळ्या, वर दगड. कुमारकाकांना सगळ्यांना एका चौकटीत घ्यायचं होतं, म्हणून ते मागे मागे सरकले आणि पाठ टेकून उभे राहिले. कशाला, ते सांगायला नको.

कर्र.

आरतीत कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, कारण मी गिरीशच्या तोंडाकडे बघत होतो. मग छतातून बारीक माती गळायला लागली. धारच लागली. ती पडली नेमकी सुलेखाकाकूंच्या खांद्यावर.

काकूंनी माती बोटावर घेतली. बघितली. आणि कपाळाला लावली.

"अंगारा!" काकू ओरडल्या. "अहो, अंगारा पडतोय!"

मी शपथेवर सांगतो, मी अमेरिकेत एवढी शिकलेली माणसं एका जागी कधी बघितली नव्हती. त्यात दोन हार्टचे सर्जन होते. एक जण रॉकेटच्या कंपनीत होता. सगळे हात जोडून, पदर पसरून, कोणी रुमाल पसरून, त्या मातीखाली घुसायला लागले. म्हणजे बरोबर अकरा नंबरखाली.

गिरीशने टेबलक्लॉथ काढून फेकला. "बाहेर! सगळे बाहेर चला! छत खाली येऊन राहिलं आहे!"

"आरती अर्धवट सोडत नाहीत," कोणीतरी म्हणालं.

"अहो, एकनाथ वगैरे कोणी नव्हता! कुंकू मी लावलं परवा! मीच!"

"बघा," काका सगळ्यांना म्हणाले, "आपलाच माणूस आपल्या माणसाचं श्रेय कसं घेतो ते बघा."

वरून लिंबाएवढा दगड पडला, टप्पकन. एक सर्जन तो उचलून खिशात घालत होता. गिरीशने माझ्याकडे बघितलं. खरं सांगून झालं होतं.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं मला माहीत नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पानं वाढलीत! पुऱ्या गार होताहेत! श्रीखंड संपत आलंय!"

दोन मिनिटं. दोन मिनिटांत बोगदा रिकामा. रॉकेटवाले पहिले.

शेवटी गिरीश बाहेर आला. त्याने तोंडाशी साखळी लावली, कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात टाकली.

ड्वेन आला. रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. त्याने जाकिटातून तो कागद काढला. खरंच होता त्याच्याकडे. "रविवार एवढा काढ, गॅरी. एक दिवस. मी आत्ता सही करतो, इथे, तुझ्यासमोर. डिसेंबरचा विचार कर."

त्याने पेन काढलं. मला वाटलं गिरीश किल्ली देईल. मी असतो तर दिली असती, खरं सांगतो.

गिरीशने पेन बाजूला सारलं. मग माझ्या खिडकीत हात घालून त्याने फोन घेतला आणि राज्याच्या खाण इन्स्पेक्टरचा नंबर फिरवला. पाठ होता. ऑगस्टपासून पाठ असणार. ड्वेनने कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवला, आणि बँकलुटीच्या शूटआउटला गेला. बारा वाजत आले होते.

सोमवारी इन्स्पेक्टर आला. एक म्हातारा, अबोल. त्याने अकरा नंबरवर हातोडी मारली, ती लाकडात बोटभर रुतली आणि तिथेच अडकून राहिली. त्याने ती काढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. हळूच मागे सरकला आणि आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली. खाण मेपर्यंत बंद.

ड्वेनने गिरीशला काढलं. मला ठेवलं. सोनं पेरायला कोणीतरी लागतं.

आता स्मरणिका. 'आद्य मराठी अमेरिकावीर : हार्डटॅकचे एकनाथ', लेखक विवेककाका. त्यात एकनाथ साताऱ्याकडचे निघालेत. कुठून कळलं विचारू नका. काकूंनी अंगाऱ्याच्या पुड्या केल्या, एडिसनपासून शिकागोपर्यंत गेल्या. एका बाईंची पाठदुखी थांबली म्हणतात. आणि गिरीशबद्दल शेवटी एक ओळ आहे: 'एका नागपूरकराच्या आततायीपणामुळे हे स्थान सध्या दर्शनासाठी बंद आहे.' नावसुद्धा नाही. त्या चौतीस जणांपैकी एकालाही कळलं नाही की तो दिवस त्यांचा शेवटचा असू शकला असता. त्यांना आठवतंय ते एवढंच की श्रीखंड भरपूर होतं आणि मी उगाच घाई केली.

गिरीश गेला त्या दिवशी मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. नेवाडात एका ओळखीच्याकडे डिसेंबरपर्यंत काही जमतंय का बघणार होता, नाहीतर नागपूर. ॲस्पेनची पानं झडून गेली होती. डोंगर नुसता खराट्यासारखा दिसत होता.

मी म्हटलं, "तू चौतीस माणसं वाचवलीस यार."

"हट बे. ऑगस्टपासून रोज सहा टूर. हिशेब कर किती लोक मी त्या खांबाखालून नेले. कागदासाठी. मला माहीत होतं, तरी नेले. ते मोजलेस का कधी?"

मी त्याची बॅग उचलून बाकावर ठेवली.

"मेमध्ये ड्वेन काय करणार माहीत आहे? एक अकरा नंबर बदलणार आणि उरलेल्यांना रंग मारणार. तू तिथेच असशील ना?"

"असेन बहुतेक."

"मग तेव्हा पण गप्पच बसून राहशील का बे? काहीतरी बोल."

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, आणि गिरीश पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

"मेमध्ये इन्स्पेक्टर प्रत्येक खांब वाजवून बघेल," मी म्हटलं, "एक ते चोवीस. मी त्याच्या मागे उभा राहून स्वतःच्या कानांनी ऐकेन. तोपर्यंत ड्वेन काहीही म्हणो, काका काहीही म्हणोत, त्या खिडकीतून मी एकही तिकीट फाडणार नाही. शब्द देतो, गिरीश."